शेजारणीचे कपडे

काल कामठ्यात अवकाळी आभाळ भरून आलं. शेजारच्या काकूंचं धान अंगणात वाळत होतं.

"काऊन उभी हायेस वो? भिजून राहिलं ना!" आई ओरडली.

धानाचा ओलसर वास आला आणि आयर्लंडमधला माझा पहिला महिना आठवला. शिक्षण सोडून परत यायचं ठरवून मी बॅग भरत होते. बाहेर पाऊस सुरू झाला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे लोकरी कपडे दोरीवर होते. न विचारता कुंपण ओलांडून मी ते गोळा केले.

त्यांनी दार उघडलं. "मला वाटलं, चोरच शिरला!" म्हणून हसल्या आणि मला आत चहाला बसवलं.

संध्याकाळी मी बॅग रिकामी केली. तेव्हा वाटलं, त्या चहानं थांबवलं. काल आईसोबत काकूंच्या धानावर ताडपत्री ओढताना कळलं, शेजाऱ्यासाठी न विचारता धावायची सवय तिचीच; आईनंच थांबवलं होतं.