ग्रहणाचं मुसळ

आमच्या शेणवे गावाकडे ग्रहण लागलं की अंगणात परातीत पाणी घेतात आणि त्यात भात कांडायचं मुसळ उभं करतात. मुसळ उभं राहिलं म्हणजे ग्रहण लागलं, पडलं म्हणजे सुटलं. मुसळ घरोघरी होतं, पण दर खेपेला उभं राहायचं ते माझ्या बायकोचंच. बायापोरं आमच्याच अंगणात जमायची. तिच्या हातात देव आहे म्हणायची. मला छाती फुगल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू.

ती गेली पावसाळ्यात. मुसळ मी माळ्यावर टाकलं. डोळ्यासमोर नको म्हटलं.

दिवाळीनंतर आठवीतली नात म्हणाली, "आबा, आजीचं मुसळ मला शहापूरला विज्ञान प्रदर्शनात न्यायचंय. ग्रहण नसलं तरी ते उभं राहतं, हे दाखवणार."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे आजी खोटी होती, असं तालुक्याला दाखवणार? तिला जाऊन वर्ष पण नाय झालं."

"खोटी कशी? सूर्यग्रहणात चंद्र आडवा येतो, त्याची सावली पडते. मुसळाला त्याचं काय? सगळं वजन खालच्या लोखंडी कड्याच्या आत पडलं की ते कधीपण उभं राहतं."

मी चौथी शिकलेला. पटलं नाही. पण पोर रडवेली झाली म्हणून काढून दिलं.

भर दुपारी तिनं अंगणात परात मांडली. मुसळ ठेवलं, पडलं. परत ठेवलं, परत पडलं. शेजारची वहिनी कुंपणावरून बघत होती. "ग्रहणाबिगर उभं राहतं का गो? त्याला आजीचा हात लागतो!"

नातीचं तोंड एवढंसं झालं. मी ओट्यावर बसलेलो. मुसळ पडलं तर नात खोटी, उभं राहिलं तर माझी म्हातारी. कोणाच्या बाजूनं उठू?

मग ती आठवली. मुसळाला हात लावायच्या आधी ती वाकून परातीतल्या पाण्याकडे बघत बसायची. पाणी एका काठाला जास्त चढलं की त्याच बाजूला सरकून परातीखाली कौलाचा तुकडा घालायची. आम्हाला वाटायचं, मंत्र म्हणतेय.

उठलो. कौलाचा एक तुकडा उचलून परातीखाली सरकवला. पाणी चारी बाजूंनी सारखं झालं. "आता ठेव. घाई नको."

नातीनं ठेवलं, हळूहळू बोटं सोडली. मुसळ उभं.

वहिनी कुंपण ओलांडून आत आली. "अगो बाय! म्हंजे भावजी, तुमची म्हातारी आमाला इतकी वर्षं फसवत होती?"

"फसवते कशाला? ग्रहण तुमच्या अंगणातपण होतं ना? मग तुमचं का पडायचं?"

वहिनीला हसूच फुटलं. "ते पण खरंच!" आणि पदरानं डोळे पुसत बसली.

प्रदर्शनात मुसळ पहिल्याच खेपेला उभं राहिलं. बघायला आलेल्या एका बाईंनी नातीला विचारलं, "हे कोणाचं गं?"

तिच्या आधी मीच बोललो, "माझ्या बायकोचं."