घोंगडी कंपनीतली रोशनबी

गुजरीच्या तोंडाशी, सोनारांची ओळ संपते तिथं, ख्वाजा पटवेकऱ्याचा एका फळीचा गाळा होता. गाळा ख्वाजाच्या नावाचा, पण हात त्याच्या बायकोचा, रोशनबीचा, हे गुजरीतल्या एकूण एक सोनाराला ठाऊक होतं. सोनारानं मणी आणि पानं घडवायची. ती रेशमात गाठवून, मागं गोंडा लावून, गळ्यात नीट बसेल असा साज करायचा तो पटवेकऱ्यानं. रोशनबी गाळ्यामागच्या घरात भिंतीला पाठ टेकून बसे, पायाच्या अंगठ्यात रेशमाचा पीळ अडकवी, आणि मग तिचे हात असे चालत की बघणाऱ्याला कुठलं बोट कुठं गेलं ते कळू नये. दोरीवर रेशीम गुंडाळलं की एका वेढ्याशेजारी दुसरा वेढा असा बसे की मध्ये केससुद्धा शिरणार नाही. तोंड मात्र तिचं हातासारखं मऊ नव्हतं. काम बघायला आलेल्या सोनाराला ती सरळ सांगे, घाई असंल तर सुतळीत ओव.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीची पहिली दहा वर्षं सरत आली होती. गावात कॉलेज होतं, आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे कुरुंदवाडकर मास्तर होते. त्यांच्या हाताखाली हंबीरराव आणि कृष्णात हे दोन विद्यार्थी. तिघं मिळून विज्ञानाच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगडी ठोकत आणि भर दुपारी अंधार करून आत बसत. बाहेर येत तेव्हा अंगाला घोंगड्याचा वास आणि धोतरांना तेजाबाची भोकं. गावानं त्यांना ‘घोंगडी कंपनी’ म्हणायला सुरुवात केली. कोणी म्हणे आत भुतं उतरवतात, कोणी म्हणे खोटी नाणी पाडतात. हंबीररावाच्या चुलत्यानं तर त्याला विचारलं होतं, पोरा, एवढं शिकून अंधारातच बसायचं होतं तर गावाकडं काय कमी अंधार होता?

आत चाललं होतं ते भुतांपेक्षा नवलाचं होतं. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा जोरकस झटका पाठवला की नळीतून एक प्रकारचे किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण लाकडातून, कापडातून, माणसाच्या मांसातूनसुद्धा पार जातात आणि हाडापाशी नाहीतर धातूपाशी अडतात. विलायतेत हे सिद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती. ते कोल्हापुरात करून दाखवायचं, एवढंच या तिघांना हवं होतं. एवढंच म्हणायला काय जातं! गावात वीज नव्हती. काचेच्या बरण्यांत तेजाब ओतून हे लोक ती स्वतःच करत, आणि तिचा किडूकमिडूक जोर हजारपट करायला लागे एक कॉइल, म्हणजे बारीक तांब्याच्या तारेचं भलंमोठं रीळ. तारेवर रेशमाचं वेष्टण, म्हणजे एका वेढ्यातली वीज शेजारच्या वेढ्यात उडी मारत नाही. मुंबईहून आलेली कॉइल पावसाळ्यात भिजली, आतलं रेशीम कुजलं, आणि घोंगडी कंपनी नुसतीच अंधारात बसून राहिली. दुसरी मागवायची तर बोटीनं कधी येईल याचा नेम नव्हता.

मास्तर बहिणीचा साज आणायला गुजरीत गेले आणि गाठवणीचं काम डोळ्यांसमोर बघून तिथंच खिळले. घरी न जाता ते तडक कॉलेजात गेले आणि कुजकी तार एका टोपलीत घालून परत आले. हिच्यावर नवं रेशीम चढवाल का, अशी त्यांनी विचारणा केली. तार केसाएवढी, आणि एकूण कित्येक मैल. रोशनबीनं तार बोटांत धरून बघितली आणि विचारलं, ही कुणाच्या गळ्यात घालायची? मास्तर म्हणाले, कुणाच्याच नाही. मग तिला वाटलं मनुष्य वेडा आहे, पण काम अवघड होतं, आणि अवघड काम नाकारायचं तिला कधी जमलं नाही.

ख्वाजानं जुन्या चरख्याचं चाक बसवून दिलं. तो चाक फिरवी, रोशनबी तारेवर रेशीम सोडी, आणि चौदा वर्षांची त्यांची मुलगी नजीरा ती तार फिरकीवर घेई. अशा पुष्कळ फिरक्या करून त्या मेणात बुडवायच्या आणि एकीला एक जोडायच्या, की झालं रीळ. हंबीरराव रोज येऊन काम बघून जाई. येताना रिकाम्या हातानं येत नसे, आणि जाताना चहा घेतल्याशिवाय त्याला रोशनबी जाऊ देत नसे. ‘चाची’ म्हणता म्हणता तो तिला किरण म्हणजे काय ते सांगे. तिला त्यातलं काही पटत नसे. मांसातून उजेड जातो तर मग सावली कशी पडते, असं तिनं विचारलं की हंबीरराव डोकं खाजवत मास्तरांकडं जाई.

रीळ होत आलं आणि नजीराच्या हातात सुई मोडली. साजाच्या जाड गाठीतून सुई ओढताना ती उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडात शिरली आणि आतच तुटली. दुसऱ्या दिवशी हात सुजला, तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं चिरून शोधलं, सापडली नाही. सुई मांसात सरकते, आंधळेपणानं किती चिरणार, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. शुक्रवारपर्यंत सूज वर चढली तर अंगठा काढावा लागेल. अंगठा म्हणजे पटवेकऱ्याचं सगळं. अंगठा गेला की रेशीम गेलं, मग कुणाच्या घरची भांडी घासा नाहीतर भावाच्या दारात बसा.

रोशनबी टोपली घेऊन स्वतः कॉलेजात गेली. बाईमाणूस त्या खोलीत त्याआधी कधी आलं नव्हतं. तिनं मास्तरांपुढं रीळ ठेवलं आणि म्हणाली, “तुमचा उजेड मांसातनं पार जातोय न्हवं? माझ्या पोरीच्या हातातनं घाला.”

मास्तर म्हणाले, आधी रीळ चालतं का ते बघू. खिडक्यांवर घोंगडी सोडली. बरण्या जोडल्या. कृष्णातनं कळ दाबली. नळी काळीच राहिली, आणि रिळाच्या कडेनं मात्र ठिकठिकाणी जुईच्या कळ्या फुटाव्यात तशा निळ्या ठिणग्या उमलल्या. पाठोपाठ जळक्या रेशमाचा वास आला. कृष्णातनं घाईनं तारा सोडल्या.

तार तुटली असेल, मेण कमी पडलं असेल, असं तिघांचं चाललं होतं. कृष्णातनं एक फिरकी सोडवली, दिव्यापाशी धरली आणि हंबीररावाला दाखवली. फिरकीच्या दोन्ही टोकांना रेशमावर सोनेरी जरीची सुबक गाठ होती. दुसरी सोडवली. तिलाही. सगळ्यांनाच.

“चाची, ह्ये काय?”

“जर हाय,” रोशनबी म्हणाली. “खरी हाय, खोटी न्हाय.”

हंबीररावानं फिरकी तिच्यापुढं धरली. मग तिनंच सांगितलं. पटवेकऱ्याच्या घरातून रेशमाचं टोक उघडं बाहेर जात नाही. शेवटाला जरीचे चार वेढे पडल्याशिवाय काम पुरं म्हणत नाहीत; बिनजरीचं टोक देणं म्हणजे गिऱ्हाइकाचं वाईट चिंतणं. आणि हे तर कॉलेजचं काम, सरकारचं. म्हणून तिनं नजीराच्या लग्नासाठी राखलेली जर काढली होती. मास्तर आधी हसले, मग हसता हसता थांबले. रेशीम विजेला अडवतं आणि सोनं-चांदी तिला वाट देते, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, हे काय सांगायचं? ते म्हणाले, “रोशनबी, तुम्ही कित्येक मैल भिंत बांधलीत आणि प्रत्येक कोपऱ्यात दार ठेवलंत.”

ती रडली नाही. सगळी टोपली उचलली आणि घरी आली. त्या दिवशी बुधवार होता.

प्रत्येक फिरकी मेणातून सोडवायची, जर उकलायची, भाजलेली तार कापून पुन्हा जोडायची, आणि टोक उघडं ठेवायचं. हे शेवटचं तिला सगळ्यांत जड गेलं. पहिलं उघडं टोक तिनं बाजूला ठेवलं, आणि हात सवयीनं जरीच्या डबीकडं गेला. तेव्हा तिनं डबीच शेजारणीकडं पाठवून दिली. ख्वाजा चाकावर होता, पण तोंड फिरवून. हे सगळं त्याला पसंत नव्हतं.

“माणसाची हाडं माणसानं बघायची नसत्यात,” तो म्हणाला. “ती कबरीत गेल्यावरची गोष्ट. जित्या पोरीची हाडं बघाय निगालीस. ती बघायची त्यानं, वरच्यानं.”

“त्यो बघतोय की,” रोशनबी म्हणाली. “पर त्यो डागदराला सांगाय येत न्हाय. चाक फिरव.”

ख्वाजानं चाक फिरवलं.

शुक्रवारी सकाळी नजीराला पालखीत घालून आणावं तसं हंबीरराव आणि कृष्णातनं खाटेवरून कॉलेजात आणलं. ख्वाजा बाहेर पायरीवर बसला, आत यायला तयार नव्हता. काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्राची काच टेबलावर ठेवली होती, तिच्यावर नजीराचा सुजलेला हात पालथा ठेवला. हालायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं. रोशनबीनं पोरीचं कोपर धरून ठेवलं. खिडक्यांवर घोंगडी पडली.

कळ दाबल्यावर या खेपेला रीळ गप्प राहिलं. नुसती मधमाश्यांसारखी गुणगुण. आणि टेबलावरची नळी उजळली. हिरवट, ओल्या शेवाळासारखा उजेड, ज्याला ऊब नाही, धूर नाही, वात नाही. रोशनबीनं आयुष्यात जेवढे उजेड बघितले होते, चुलीचा, कंदिलाचा, चंद्राचा, सोनाराच्या भट्टीचा, त्यातला हा कुठलाच नव्हता. तो घोंगड्यांवर पडला, मास्तरांच्या पांढऱ्या मिशांवर पडला, पोरीच्या मिटलेल्या पापण्यांवर पडला. आणि जो खरा उजेड होता, तो तर दिसतही नव्हता. तो तिच्या स्वतःच्या हातांतूनही या क्षणी चालला होता, आणि तिला काही जाणवत नव्हतं. हात आडवा ठेवून एक काच झाली, उभा ठेवून दुसरी, म्हणजे सुई किती खोल आहे तेही कळेल.

मग लाल कंदिलाच्या उजेडात मास्तरांनी पहिली काच औषधाच्या पाण्यात ठेवली आणि थाळी हळूहळू हलवायला लागले. काचेवर काही नव्हतं. थोड्या वेळानं कडा काळवंडायला लागल्या. आणि मग मध्यावर, तळ्यातून काहीतरी वर यावं तशी, पाच बोटं आली. मांसाची फिकी सावली आणि तिच्या आत पांढरी हाडं, एकेक पेर सुटं, जणू कुणी साजातले मणी पुढंमागं मांडले आणि गाठवायचे राहिले. इतकी नाजूक, इतकी नेमकी. रोशनबीनं पोरीचा हात चाचपला. तो तिथंच होता, तापानं फणफणलेला, आणि त्याच वेळी त्याच्या आतलं सगळं तिथं पाण्यात तरंगत होतं. हे मी पोटात वाढवलं आणि मला माहीत नव्हतं, एवढंच तिच्या मनात आलं.

“ती बघा,” कृष्णात कुजबुजला.

अंगठ्याच्या बुडाशी, दोन हाडांच्या मध्ये, तिरपी, हाडांहूनही पांढरी एक रेघ होती.

रोशनबी दार उघडून बाहेर गेली आणि ख्वाजाला दंडाला धरून आत घेऊन आली. त्यानं डोळे मिटले होते. ती म्हणाली, “उघड. आपली पोर कशी घडवलीया ते बघ एकदा.” ख्वाजानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली, मशिदीत शिरताना करतात तशी.

डॉक्टरनं दोन्ही काचा खिडकीशी धरल्या, शाईनं हातावर खूण केली आणि त्या खुणेवर चिरलं. सुई निघाली. अंगठा राहिला.

घोंगडी कंपनीनं पुढं बरंच काही केलं. शिकाऱ्याच्या खांद्यातले छर्रे दाखवले, पोरानं गिळलेला पैसा दाखवला, रंकाळ्याच्या एका काठाची ठिणगी तारेशिवाय दुसऱ्या काठावर घंटी वाजवते हे अर्ध्या गावासमोर करून दाखवलं. त्यांची पुढची सगळी रिळं रोशनबीच्या घरातून गेली. पण या किरणांची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. रोज नळीपुढं स्वतःचा हात धरून ‘उजेड बरा आहे का’ ते बघायची मास्तरांना सवय होती. त्यांच्या बोटांची कातडी काळी पडली, फाटली, आणि मग जखमा भरेनात. दोन बोटं काढावी लागली. तेव्हा कुठं किरण अडवायला शिशाचे पत्रे लावायची अक्कल आली.

तरी मास्तर गुजरीत येऊन बसत. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते परदेशी मासिकांत वाचलेलं सांगत. एकदा म्हणाले, जर्मनीत नवंच गणित निघालंय. उजेड धाग्यासारखा सलग येत नाही म्हणे. तो सुटा सुटा येतो, मण्यांसारखा. अर्धा मणी नसतोच. एक तरी पुरा, नाहीतर काहीच नाही.

रोशनबीनं हातातलं काम थांबवलं. “मग त्यास्नी ओवतंय कोण?”

“ते अजून कुणालाच कळलेलं नाही,” मास्तर म्हणाले, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं.

नजीरा पलीकडं बसली होती. आता तिचं स्वतःचं एक पोर मांडीजवळ खेळत होतं. तिचा अंगठा पूर्ण वळत नसे, म्हणून पीळ देताना ती मनगटच किंचित फिरवी. उजेडाचे मणी, जर्मनीचं गणित सगळं विसरून मास्तर त्या अंगठ्याकडं बघत राहिले. तो रेशमावर पुढं जाई, थांबे, वळे, आणि पुन्हा पुढं जाई.

“मास्तर, च्या गार झाला की,” नजीरा मान वर न करता म्हणाली.