हॅजर्डसचं सर्टिफिकेट

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलबाहेर एजंटने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्लासला बसायची गरजच काय? आधार दे, फोटो दे. परवा सर्टिफिकेट तुझ्या हातात."

तेव्हा मी बंदरातून कंटेनर ओढत होतो. काम कमी झालं होतं, आणि एका शेठने ॲसिडच्या टँकरवर घेतो म्हणून सांगितलं होतं. अट एकच, घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला लागणारं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट हवं. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'हॅजर्डस' म्हणतात. रीतसर घ्यायचं तर फी भरून तीन दिवस वर्गात बसायचं, म्हणजे तेवढ्या दिवसांचा खाडा. एजंट थोडे जास्त घेणार होता, पण खाडा नव्हता. आणि शेठ थांबायला तयार नव्हता. "सोमवारी गाडी भरायची आहे. तू नाही आलास तर दुसरा उभाच आहे."

खांदा कॉलनीत घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "ॲसिड तुमी नेनार. मग शिकनार कोन, एजंट?"

मी चिडलो. इतकी वर्षं गाडी चालवतोय, मला कोण काय शिकवणार? ती भाजी चिरत राहिली. रात्रभर तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. सकाळी मी एजंटकडे न जाता क्लासला गेलो.

शिकवणारे एका कारखान्यातून निवृत्त झालेले सुरक्षा अधिकारी होते. निम्मे ड्रायव्हर पेंगत होते. दुसऱ्या दिवशी खिशात फोन थरथरत राहिला. शेठचा होता, मी उचलला नाही. बाहेर मैदानात सर आम्हाला मूठभर धूळ उडवून वारा बघायला लावत होते आणि माझं सगळं लक्ष खिशाकडे होतं. संध्याकाळी फोन केला तेव्हा शेठने गाडी दुसऱ्याला दिली होती.

तिसरा दिवस पुरा करून सर्टिफिकेट घेतलं, पण महिनाभर मी बायकोवर मनातल्या मनात राग धरून होतो. मग तो ड्रायव्हर काम सोडून गेला आणि शेठने मला बोलावलं.

पाऊस नुकताच सरला होता. भर दुपारी उरणच्या रस्त्याला गव्हाण फाट्याजवळ आरशात पाहिलं, तर टँकरमागून पांढरा धूर येत होता. गाडी कडेला घेतली, उतरलो. मागच्या व्हॉल्व्हमधून सल्फ्युरिक ॲसिडची धार लागली होती आणि खालच्या डबक्यात पडून फसफसत होती. हातातला रुमाल वर धरला. तो चहाच्या टपरीकडे फडफडला. म्हणजे धूर तिकडेच जाणार.

लोक मोबाईल काढून जवळ यायला लागले. टपरीवाला पाण्याचा पाइप ओढत धावत आला.

"पाणी नको!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "ॲसिड अंगावर उडेल! सगळे रस्त्याच्या पलीकडे व्हा!"

तो पाइप धरून तसाच उभा राहिला. टपरीशेजारी एक मावशी मासळीची पाटी घेऊन बसली होती. ती उठेना. "माजी मासली टाकून मी कुटं जाऊ?" मी तिची पाटी उचलून पळत सुटलो. तशी ती शिव्या देत माझ्या मागून आली.

टँकरवर लिहिलेल्या आपत्कालीन नंबरवर फोन केला आणि मग शेठला.

"रस्त्यात कशाला थांबलास? हळूहळू आण कारखान्यापर्यंत," तो म्हणाला.

"शेठ, धार लागली आहे."

"थोडं गळतंच. आण."

"नाही आणत," म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला धुरातून गाडी काढायला गेला आणि घसरला. त्याचा पाय ॲसिडात पडला. तो किंचाळला. त्याला काखेत धरून ओढत लांब आणलं, बूट काढला आणि टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "आण पाइप! पायावर सोड!"

"आता पानी चालंल?" तो गोंधळला.

"अंगावर पडलं की भरपूर पाणी! थांबू नकोस!"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो पाणी सोडत राहिला. अग्निशमनवाले आले, मागोमाग कारखान्याची माणसं वाळू आणि चुना घेऊन आली. धार बंद झाली तेव्हा माझा घसा इतका भाजल्यासारखा झाला होता की पोलिसांना नावही धड सांगता येईना. मोटरसायकलवाल्याची पोटरी भाजली, पण पाय वाचला.

शेठने मला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. गाडी पोलिसांकडे अडकली त्याचा दोष माझ्यावर आला. घरी सांगितलं. बायकोने माझ्यापुढे गरम पाणी ठेवलं आणि म्हणाली, "आदी घसा शेका."

काही आठवडे बसून काढले. मग तळोज्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने बोलावलं. आधीचं काम का सुटलं, असं त्याने विचारलं. मी झालं ते सांगितलं.

"माझी गाडीपण अशीच मधे थांबवशील?" तो म्हणाला.

खोटं बोलावंसं वाटलं. घरात काय आहे आणि काय नाही, ते मला ठाऊक होतं.

"थांबवेन," मी म्हणालो.

बाहेर एक टँकर रिव्हर्स घेत होता, त्याचा भोंगा वाजत होता. भोंगा थांबल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याने दोन चहा सांगितले आणि म्हणाला, "उद्या सकाळी ये."