मंगेशनं न दिलेला अग्नी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या रविवारी नायगावच्या आपल्या चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून मी मंगेशच्या विश्वासाची साक्ष दिली, त्या रविवारी माझा स्वतःचा विश्वास उरलेला नव्हता. बाप्तिस्मा त्याचा होता, साक्षीदार मी होतो, आणि खोटं बोलणारा त्या सभागृहात मी एकटाच होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कॅनडाला निघालो. बीडीडी चाळीखाली टॅक्सी उभी, वर पॅसेजभर माणसं. शेजारच्या जाधवकाकूंनी चिवड्याची पिशवी हातात कोंबली. पप्पा दारातच थांबले. गुडघ्यांमुळे ते जिना उतरत नसत. "तिथे पोचलास की आधी मंडळी शोध. एकटा राहू नकोस," एवढंच म्हणाले. माझी मोठी बॅग मंगेशनं खांद्यावर घेतली होती. "काय भरलंयस रे पाद्री, अख्खी गिरणी?" असं ओरडत तो जिना उतरला. खाली आल्यावर मात्र त्यानं भर रस्त्यात माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. "प्रभू, ह्याला सांभाळ. हा लय हुशार आहे, पण ह्याला थंडी वाजते." बसस्टॉपवरची माणसं वळून बघत होती. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. माझे उघडे होते, आणि मी टॅक्सीवाल्याकडे बघून ओशाळं हसत होतो.

नायगावात राहिलात ते तुम्ही, आणि विरार-बदलापूरला, मेलबर्नला, माझ्यासारखे टोरंटोजवळ जाऊन बसलात ते तुम्ही, सगळ्यांनी मंगेशला पाहिलंय. उपासनेच्या आधी खुर्च्या मांडणारा, नंतर आवरणारा. पण तो आपल्यात आला कसा आणि त्याचं काय गेलं, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

मंगेश काळाचौकीचा. वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, मूळचे मालवणकडचे, पप्पांच्याच गिरणीत कामाला होते. मंगेश गणेश मंडळाचा कार्यकर्ता, वाद घालण्यात पटाईत. रविवारी दुपारी पप्पा आमच्या खोलीत वर्ग घ्यायचे, तिथे तो पहिल्यांदा आला तो निव्वळ टवाळी करायला. "तुमचे देव तीन का एक? एकदा काय ते फायनल करा. आमचे तेहतीस कोटी आहेत, आम्हाला हिशेब जमतो." पप्पा हसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला विचार. आता हा शिकवतो."

पप्पांची शिकवायची पद्धत ठरलेली. आपण जे मानतो ते प्रत्येक शास्त्रातून दाखवायचं, आणि एका वचनावर कधीच थांबायचं नाही. "एका वचनावर मत उभं करू नकोस. दुसरा साक्षी आण," हे ते इतकं म्हणायचे की वर्गातली पोरं त्यांची नक्कल करायची. मोशेच्या नियमशास्त्रातच सांगितलंय, एकाच्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवू नका. मग देवाबद्दल बोलताना एकावर कसं भागेल?

तर मी मंगेशला यार्देन नदीचा काठ दाखवला. पुत्र, म्हणजे येशू, बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि पिता स्वर्गातून बोलतोय. तिघं एकाच वेळी हजर. आणि त्याच्याशेजारी इस्राएलाचं ते जुनं घोषवाक्य ठेवलं, की परमेश्वर एकच आहे. दोन्ही एकाच ग्रंथात, आणि दोन्ही आम्ही मानतो. देव माणूस झाला, यासाठी योहानाची सुरुवात काढली आणि जोडीला पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं, की त्यानं स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. आपल्या पापांसाठी तो मेला, यासाठी यशयाचं ते मुकं कोकरू आणि पेत्राचं पत्र. मंगेश दर वेळी काहीतरी फाटे फोडायचा. पुनरुत्थानाला मात्र तो सरसावून बसला. पौल लिहितो, उठलेल्या येशूला शेकडो जणांनी पाहिलं आणि त्यातले पुष्कळ अजून हयात आहेत. "म्हणजे पत्ता दिलाय," मंगेश म्हणाला. "विश्वास बसत नसेल तर जाऊन विचारा. हे आवडलं आपल्याला. आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये पण कोण एवढं छातीठोक बोलत नाय."

तो गप्प झाला ते कृपेच्या धड्याला. तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. नाना कडक माणूस. गिरणी बंद पडल्यापासून तर 'कमवून आण, मग तोंड उघड' हेच मंगेश घरात ऐकत आला होता. त्यानं तो उतारा स्वतः पुन्हा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आधीच दिलंय? काहीच न करता?" मी म्हणालो, हो. आणि दुसरं वचन काढून दिलं.

इथेच माझं काय चाललं होतं ते सांगायला हवं. काही घडलं नव्हतं. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही. शिकवता शिकवता एक दिवस लक्षात आलं, की मला वचन सापडतं, आधार सापडतो, दुसरा साक्षी सापडतो, आणि ते बंद केल्यावर आत काहीच हलत नाही. मी प्रार्थनेला बसलो की खोलीतला पंखा ऐकू यायचा. बस्स. मंगेशच्या चेहऱ्यावर मात्र रोज काहीतरी उजळत होतं. मी त्याच्याकडे बघत राहायचो. वाटायचं, ह्याला आलं म्हणजे ते खरं असेल. माझ्या वाटचं ह्यानं मानावं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तो ओल्या केसांनीच काळाचौकीला गेला. नाना दारात उभे होते. "थयलां पाणी घेतलंस मां अंगार? मगे हयलां पाणी तुका नाय." तिथलं पाणी अंगावर घेतलंस, आता इथलं तुला नाही. मंगेश आमच्याकडे आला. मी निघालो तेव्हा माझी कॉट त्याला मिळाली.

पुढची वर्षं मी बर्फ उपसला, बेसमेंटमधून टाउनहाउसमध्ये गेलो, मॉर्गेज घेतलं, मुलीला हॉकीला सोडलं-आणलं. पप्पांना सांगायचो, मंडळी मिळालीय. सहा महिन्यांतून एकदा जायचोही, पॉटलकला, म्हणजे घरून पदार्थ नेऊन एकत्र जेवायला. इकडे पप्पांचं डायबेटिसचं औषध, रेशनची रांग, रविवारी त्यांना धरून चर्चला नेणं, सगळं मंगेश करायचा.

मग त्याचा फोन आला. माझी सकाळ, त्याची संध्याकाळ. मी गाडी गरम करत ठेवली होती, उशीर झाला होता.

"नाना गेले रे," तो म्हणाला. "जायच्या आधी बोलले होते म्हणे, मंगेशाक बोलवा. काका आलेत खाली. म्हणतायत, झालं गेलं सोड, ये, अग्नी दे. आपले चर्चचे पाळक गावाला गेलेत, आणि पप्पांना ह्या वयात कुठे अडचणीत टाकू. तू सांग. शास्त्रात आधार काय?"

मी सांगितला. मत्तयाचा आठवा अध्याय. एक शिष्य म्हणतो, प्रभू, आधी मला बापाला पुरून येऊ दे. आणि येशू म्हणतो, तू माझ्यामागे ये, मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरू दे.

 तो म्हणाला, "बरं. थँक्यू रे."

मला दुसरा साक्षी माहीत नव्हता असं नाही. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेत मी स्वतः नामानाची गोष्ट शिकवली होती. अरामाचा सेनापती, इस्राएलाच्या देवाला मानायला लागलेला. तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो, माझा धनी आमच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, एवढ्याची क्षमा होईल ना? संदेष्टा त्याला झिडकारत नाही. शांतीनं जा, म्हणतो. बापाला आणि आईला मान दे ही आज्ञा होती. आपलं धन देवाला वाहिलंय असं म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांवर येशू किती संतापला होता, तेही होतं. वधस्तंभावर श्वास जात असताना त्यानं आईची सोय लावली, तेही होतं. हे सगळं मला एका दमात सांगता आलं असतं. गाडी बंद करून दहा मिनिटं बसायचं होतं, एवढंच.

घाई हे एक कारण. खरं कारण त्याहून वाईट आहे. मंगेश अग्नी द्यायला गेला असता तर मला वाटलं असतं, तोही विश्वासातून सुटला. माझ्या त्या साक्षीमागे तेवढा एकच माणूस उभा होता. मी स्वतः जिथे उभा नव्हतो तिथे त्याला ठाम उभं ठेवायचं होतं मला, त्याच्या बापाच्या चितेसमोरसुद्धा.

तो स्मशानात गेला, पण फाटकाबाहेर उभा राहिला. चुलतभावानं अग्नी दिला. हे मला पप्पांनी फोनवर सांगितलं. त्यांनी मंगेशला विचारलं होतं, असं कुणी शिकवलं तुला? तो म्हणाला, शास्त्रात आहे. माझं नाव घेतलं नाही. पप्पा मला म्हणाले, "कुणीतरी पोराला एका वचनावर उभं केलं रे. कोण असेल?" मी म्हणालो, "काय माहीत."

दोन वर्षांनी पप्पा गेले तेव्हा माझे इमिग्रेशनचे कागद अडकले होते, मी येऊ शकलो नाही. शिवडीच्या दफनभूमीत पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत पुढे मंगेश होता. माती त्यानं टाकली. माझ्या बापाला त्यानं पोचवलं. त्याच्या बापाच्या वेळी मी त्याला बाहेर थांबवलं होतं.

यंदा मी आलो. आमची चाळ पाडलीय. नवी बांधून होईपर्यंत मंगेश संक्रमण इमारतीत राहतो, एकटा. लग्न केलं नाही. काळाचौकीहून कुणी येणार नाही अशा लग्नाला उभं राहायचं नव्हतं म्हणतो. त्याला न सांगता मी काळाचौकीला गेलो, त्याच्या आईला भेटायला. ठरवून गेलो होतो की सांगायचं, मावशी, चूक त्याची नाही, माझी.

त्या दारातच बसल्या होत्या, कोलंबी सोलत. "कोण रे तू? नायगावचो? पाद्र्याचो झील?" पप्पांचा मुलगा म्हणून ओळखलं त्यांनी. आत बोलावलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "थय खाऊक बरां गावता वाटता." मी हसलो. मग त्यांनी हात पुसले.

"त्येका एक इच्यार माझ्या वतीन. बापाशीक आग लावूक हात जळत होते काय त्येचे? मरताना नाव घेतल्यानी त्येचा. मी होतंय थय. मी आयकलंय."

चहा आला. मी प्यालो. बशीत सांडलेलासुद्धा. "येतो मावशी," म्हणालो. "मुलीला घेऊन येईन पुढच्या वेळी," असंही म्हणालो. त्यांच्या वयाकडे बघता पुढची वेळ नाही, हे दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी दादरला मंगेश भेटला. मी कुठून आलो ते त्याला आधीच कळलं होतं. काळाचौकीत काही लपत नाही. "आयेनं विचारलं माझं?" त्यानं इतकंच विचारलं. मी म्हणालो, "विचारलं." त्याचा चेहरा असा काही झाला की मी फुलवाल्यांच्या गर्दीकडे मान वळवली. "बघ," तो म्हणाला, "मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो. प्रभू विरघळवतो रे माणसाला."

मग त्यानं माझ्याकडे एक वचन मागितलं, धीर धरण्याबद्दल. मी दिलं. दुसरंही दिलं.

लोक मला तिकडे विचारतात, घराची आठवण येते का. घर म्हणजे ती खोली असेल तर ती पडली. घर म्हणजे माणूस असेल तर तो मंगेश आहे: माझ्या कॉटवर झोपला, माझ्या बापाचा मुलगा झाला, आणि स्वतःच्या बापाचा राहिला नाही. त्याला खरं सांगितलं तर त्याला कळेल, की तो त्या फाटकाबाहेर फुकट उभा राहिला. त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. त्याची आई तर आता कुणाचंच ऐकण्याच्या पलीकडे चाललीय. हे छापून आलं की कुणीतरी त्याला मोबाइलवर पाठवेल, हे मला ठाऊक आहे. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

मंगेशला समोर बसून मी दोन वाक्यं देणं लागतो: तू अग्नी द्यायला जायला हवं होतंस, आणि तुला अडवलं तेव्हा मी कशावरच विश्वास ठेवत नव्हतो. दोन्ही अजून दिलेली नाहीत.