हस ना रे

अंधेरीच्या हॉस्टेलातले आम्ही चौघे नेपाळला गेलो, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून देशाबाहेर पडलेला मी पहिलाच. आणि पोखराच्या तळ्याकाठी माझं मन एकाएकी उदास झालं. का, ते मलाही सांगता येत नव्हतं, म्हणून मित्रांना ते नाटक वाटलं.

"तुझा बाप तालुक्याबाहेर गेला नाही, आणि तू परदेशात येऊन तोंड पाडून बसतोस?" एक म्हणाला.

अजून आठवलं की डोकं तापतं. घरच्यांच्या कष्टांची जाणीव मला होतीच. पण उदास व्हायला काय या तिघांची परवानगी काढायची?

फोटोसाठी त्यांनी जवळच उभ्या असलेल्या एका बाईंना कॅमेरा दिला. पन्नाशीच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या, मुलुंडहून सहलीला आलेल्या. त्यांनी आधी पदराने काच पुसली, मग पाय रोवून उभ्या राहिल्या.

"हस ना रे, रोल फुकट जातोय," म्हणत मित्र मला कोपरांनी ढोसू लागले.

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "त्याला कशाला ढोसताय? तो नीट उभा आहे. हलताय तुम्ही."

"पण काकू, तो हसत नाहीये."

"मग? मला दिसतोय ना तो."

तिघे हलायचे थांबले, तेव्हा बाईंनी बटण दाबलं. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि काही न विचारता आपल्या मंडळींत निघून गेल्या.

परतताना मित्रांनी विचारलं, "ती काकू तुझ्या ओळखीची होती काय रे?"

ओळखीचे तर हे होते, तीन वर्षांचे.