आकाशाच्या चुका काढणारा पंकज

पंकजची ओळख आमच्या रावेतच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये झाली. मी विचारलं, "काय करतोस?" "विश्वावर काम करतो," असं म्हणून तो दुसऱ्या मजल्यावर उतरला.

विश्व म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मिळालेला एक उन्हाळी उपक्रम. जगभरातली मुलं त्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालतात आणि त्याचं मानधन मिळवतात. पंकजच्या वाट्याला खगोलशास्त्राचं सॉफ्टवेअर आणि त्यातला चंद्रोदय आला. एक्सप्रेसवेच्या दिव्यांपायी त्याने आयुष्यात धड चार तारे पाहिले नव्हते, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नाही. प्रोग्रामचं उत्तर जुळलं नाही की तो शांतपणे म्हणायचा, "लॉजिक बरोबर आहे राव, आकाश चुकतंय."

वडिलांनी चौकात फ्लेक्स लावला, 'युवा शास्त्रज्ञ पंकजभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. गॉगल घातलेला पंकज, मागे शनी, खाली शुभेच्छुक म्हणून सगळे चुलते. शास्त्रज्ञाची उपक्रमातली मधल्या टप्प्याची परीक्षा अजून व्हायची होती, पण वडिलांना तेवढा धीर नव्हता.

त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी संकष्टी आली. पंकजने सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या प्रोग्रामने काढलेली चंद्रोदयाची वेळ टाकली. तळमजल्यावरच्या दोघींनी विज्ञानावर विश्वास ठेवून, वर न बघताच उपास सोडला. त्याच्या आई मात्र ताम्हण घेऊन गच्चीवर आल्या, मागोमाग पंकज आणि मी. आकाश स्वच्छ होतं आणि चंद्राचा पत्ता नव्हता.

"काकू, कॅलेंडरात अजून अर्धा तास आहे," शेजारीण म्हणाली.

"आकाश..." पंकजने सुरुवात केली.

"तुझं यंत्र काय म्हनंल ते म्हनू दे," आई म्हणाल्या. "चंद्र दिसल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई." आणि त्या पायरीवर बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

पंकज लॅपटॉप आणून त्यांच्याशेजारी बसला. कॅलेंडरबरहुकूम चंद्र उगवला, तोवर चूक सापडली होती. देशोदेशींच्या घड्याळांतला फरक त्याने पूर्ण तासांतच धरला होता. आपल्या साडेपाच तासांतला अर्धा गळून गेला होता. चाचण्या सगळ्या परदेशी शहरांवर घेतलेल्या. रावेतची कोण घेतो? त्यामुळे मार्गदर्शक बाईंनी ते काम मंजूरही करून टाकलं होतं.

"आज गप्प बस," मी म्हणालो. "उद्या पास हो, परवा दुरुस्त कर. चौकात फ्लेक्स आहे भावा."

"आई उपाशी बसली ना राव," तो म्हणाला. तिथूनच त्याने बाईंना कळवलं की काम चुकलंय, मागे घेतो. चूक आईने पकडली.

बाईंनी मनापासून आभार मानले आणि नापास केलं. दाखवायला कामच उरलं नव्हतं. फ्लेक्स तसाच राहिला, पुढे एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाखाली झाकला गेला.

नंतर पंकजने ते काम बिनपगारी दुरुस्त करून दिलं आणि सोबत दर बदलाआधी आपोआप होणारी रावेतच्या संकष्टीची एक चाचणी जोडली. आता तो चाकणला एका कंपनीच्या गेटचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिकडेच राहतो आणि विश्वाबद्दल बोलत नाही. त्याच्या त्या बढायांशिवाय लिफ्टमध्ये मला करमत नाही. पण चाचणी अजून जागेवर आहे. जगात कुठेही कुणी त्या चंद्रोदयाला हात लावला, की आधी पंकजच्या आईंचा उपास वेळेवर सुटावा लागतो.