बारा पेपरांची पंगत

यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांना कोणी घाबरत नसे. सगळे घाबरायचे ते ग्लेनिस ओल्डरॉइडला. पदाने ती परीक्षा विभागाची कारकून, अंगाने जेमतेम पाच फूट, आणि पायांत कायम कापडी बूट, म्हणजे परीक्षेच्या हॉलमधून फिरताना आवाज नको. त्या बुटांमुळे ती कधी मागे येऊन उभी राहायची ते कळतही नसे. मी गणित विभागाचा प्रमुख, तरी माझ्याही छातीत धस्स व्हायचं.

सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक चूक झाली नव्हती आणि हे ती कॉलेजात कोणालाच विसरू देत नसे. चहा घेताना, पावात लोणी लावताना, नवऱ्याच्या कबुतरांविषयी बोलतानासुद्धा ती सव्वीस वर्षं कुठून तरी डोकं वर काढायचीच. माणूस चांगला, पण फुशारकी भारी.

ही गोष्ट २०१३ सालची. तेव्हा गणित सुट्या पेपरांचं होतं. हुशार मुलं दोन वर्षांत बारा पेपर देत. त्यांतले सहा ‘गणित’ या विषयात जात, सहा ‘पुढचं गणित’ या विषयात. काही पेपरांच्या जागा ठरलेल्या, पण यामिकी, संख्याशास्त्र, निर्णयगणित असले पेपर दोन्हीकडे चालत. ही पंगत बसवायचं काम बोर्डाचा संगणक करी: आधी गणिताची श्रेणी होईल तितकी वर न्यायची, मग उरलेल्यांतून पुढच्या गणिताची. मात्र एक मेख होती. कोणी पहिल्याच वर्षी गणिताचे सहा पेपर वटवून, म्हणजे बोर्डाला त्यांचे गुण धरायला सांगून, श्रेणी घेतली असेल, तर ते सहा पानावर बसले ते बसले. त्यांना हलवायचं, तर दुसऱ्या वर्षी दोन्ही विषय नव्याने वटवायला सांगावं लागे.

टॅमसिन ग्रीनवुडने पहिल्याच वर्षी गणितात ए-स्टार, म्हणजे ए-च्याही वरची श्रेणी, मिळवला होता. दुधाच्या टँकरवाल्याची ही मुलगी दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात इंजिनियर व्हायला निघाली होती. अट अशी की गणितात ए-स्टार आणि पुढच्या गणितात ए हवाच. मार्चमध्ये दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरताना ती माझ्याकडे आली.

“सर, माझ्या ए-स्टारला हात लावू नका. नव्याने वटवताना कमी झाला तर?”

“होत नाही गं कमी.”

“पण झाला तर?”

पोरगी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, जाऊ दे, हिला पुढच्या गणितात इतके मिळतील की पंगत हलवायची वेळच येणार नाही. ‘गणित नव्याने वटवायचे नाही’ या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गाच्या दारात कापडी बूट.

“ग्रॅहम, दोन्ही वटवायचे असतात. दरवर्षी सांगते.”

“मुलगी घाबरते, ग्लेनिस.”

“ती सतरा वर्षांची आहे, तिने घाबरावं. तू पन्नाशीचा घोडा झालास.”

“मी माझ्या मुलांना ओळखतो.”

“तू मुलांना ओळख, मी पेपरांना ओळखते,” असं म्हणून ती गेली. सही विभागप्रमुखाची होती, तिच्या हातात काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये निकाल आमच्याकडे बुधवारी येतो आणि मुलांना गुरुवारी सकाळी मिळतो. मधला दिवस तोंडाला कुलूप. त्या बुधवारी ग्लेनिसने मला बोलावून घेतलं आणि कागद पुढे केला. टॅमसिनला पुढच्या गणितात बी. सहाशेपैकी चारशे साठ, आणि ए-साठी लागतात चारशे ऐंशी. निर्णयगणिताच्या दिवशी तिला ताप होता, त्यात एकसष्ट पडलेले. आणि संख्याशास्त्राचे शहाण्णव गणितात नुसते लोळत होते, तिथे त्यांची काडीची गरज नव्हती. या दोन पेपरांची अदलाबदल केली तर इकडे चारशे पंचाण्णव आणि तिकडे ए-स्टार तसाच. त्या मुलीचं विद्यापीठ माझ्या एका सहीने गेलं होतं.

“बोल की,” मी म्हटलं. “बजावलं होतं म्हण.”

“फोन करतेय, गप्प बस.”

बोर्डातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, उमेदवाराने किंवा विभागाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल, तर नेहमीच्या रांगेतून तीन आठवडे लागतील. परीक्षा कार्यालयाकडून नोंदवताना चूक झाली असेल, तर आजच दुरुस्त होईल, पण ती कार्यालयाच्या नावावर कायमची नोंदली जाईल. कोणती गोष्ट आहे?

तीन आठवड्यांत ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. माझ्या सहीचा कागद ग्लेनिसच्या कोपराखालीच होता.

“कार्यालयाची चूक,” ती म्हणाली. “माझी. ओल्डरॉइड. ओ, एल, डी... हो, लिहा.”

फोन ठेवल्यावर मी काही तरी पुटपुटलो. तिने मला चहा करायला पाठवलं आणि दूध जास्त झालं म्हणून बोलणीही ऐकवली.

गुरुवारी सकाळी सातला, बोर्डाने दुरुस्त केलेला ए हातात घेऊन, ग्लेनिसने फोनवर विद्यापीठ गाठलं, आठपर्यंत त्यांचा होकार आणला. साडेआठला टॅमसिनने पाकीट फोडलं आणि धावत माझ्याकडे आली. मागे तिचे वडील, कामाच्या कपड्यांत, डोळे पुसत.

“सर, मिळालं. तुमच्यामुळे मिळालं.”

वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. खरं सांगतो, क्षणभर मला ते गोड लागलं. मग माझी मलाच किळस आली. मी दोघांना सगळं सांगितलं: माझी सही, बी, बोर्ड, आणि कोणी कोणाची चूक आपल्या नावावर घेतली ते.

टॅमसिनने हातातला निकाल पुन्हा वाचला. “म्हणजे माझं बुडता बुडता राहिलं.”

“हो. माझ्यामुळे.”

“आणि चौकटीत खूण करा म्हणून मागे लागले होते ती मी,” ती म्हणाली आणि सरळ ग्लेनिसच्या खिडकीशी गेली. निकालाची रांग जिन्यापर्यंत होती. सगळी रांग ओलांडून ती पुढे घुसली.

“रांगेत उभी राहा,” ग्लेनिस मान वर न करता म्हणाली. “उमेदवार क्रमांक?”

“ग्रीनवुड, मॅडम. पुढचं गणित.”

ग्लेनिसने मान वर केली. दोन वर्षं तिचे बारा पेपर हाताळलेल्या या बाईने तिचा चेहरा बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

“तुमची सव्वीस वर्षं गेली ना हो,” टॅमसिन म्हणाली.

ग्लेनिसने टॅमसिनच्या खांद्यावरून मला शोधून काढलं. “या माणसाच्या पोटात काही राहील तर शपथ.”

मग निकालाच्या दिवशी तिने कधीच केलं नव्हतं ते केलं. भर रांगेत तिने खिडकी लावून घेतली. काचेआडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, तो दूरपर्यंत ऐकू गेला. दोन मिनिटांनी खिडकी उघडली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“हं, पुढचा,” ती म्हणाली.